बोल्डरिंगचे शूज ‘दोन साईज लहान घे’ हा सल्ला आला कुठून आणि आज तो फसतो का?

कुठल्याही बोल्डरिंग जिममध्ये संध्याकाळी अर्धा तास नुसतं बसून बघा. भिंतीवर चार जण चढत असतात आणि खाली गादीवर दहा जण बसलेले असतात. त्या दहातले निम्मे एकच काम करत असतात. शूज काढायचे, पायाची बोटं चोळायची, तोंड वाकडं करायचं आणि आपला नंबर आला की पुन्हा तेच शूज पायात कोंबायचे.

नवीन आलेल्याला वाटतं, इथे हे असंच असणार.

मग दोन-तीन आठवडे जिमचे भाड्याचे शूज वापरून झाले की स्वतःचे घ्यायची वेळ येते. ग्रुपमधला कुणीतरी अनुभवी दादा हमखास सांगतो, “रोजचा नंबर आठ आहे ना? मग सहा घे. दुखायलाच पाहिजे. होतील नंतर सैल.” नवा भिडू ऐकतो, आठ-दहा हजार मोजतो आणि शूज घरी आणतो. पुढच्या महिन्यात अंगठ्याचं नख काळं पडलेलं असतं. शूज सैल झालेले नसतातच. आणखी महिनाभराने ते ‘फक्त चार वेळा वापरलेले’ म्हणून ऑनलाइन विकायला निघतात.

यात त्या दादाचं काही चुकलं का? त्याच्या शूजपुरतं बोलायचं तर नाही. त्याचा सल्ला एके काळी अगदी बरोबर होता. पण मधल्या काळात शूज बदलले आणि सल्ला तसाच राहिला.

आधी हे बोल्डरिंग काय आहे ते बघू

दोर नाही, हार्नेस नाही. साधारण चार-साडेचार मीटर उंचीची भिंत किंवा तेवढाच मोठा दगड आणि खाली जाड गादी. चढाई छोटी पण अवघड, आणि पडायचं ते थेट गादीवर. हंपीच्या ग्रॅनाइटच्या ढिगाऱ्यांमध्ये जगभरातून लोक येतात ते यासाठीच. आपल्याकडे हा खेळ नवा वाटत असला तरी ‘गिरिविहार’ या मुंबईतल्या जुन्या गिर्यारोहण संस्थेने २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षं बोल्डरिंगचा वर्ल्ड कप चक्क नवी मुंबईत भरवला होता. टोकियो ऑलिंपिकमध्ये क्लाइंबिंग आल्यानंतर तर शहराशहरांत जिम दिसू लागल्या.

या खेळाला लागणारं सामान अगदी थोडं आहे. शूज, चॉक, बस. त्यामुळे पैसे जे काही जायचे ते शूजवरच जातात आणि चूकही तिथेच महागात पडते.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना आणखी एक सवय असते. ट्रेकचे शूज घेताना अर्धा नंबर मोठाच घ्यायचा, कारण उतारावर बोटं पुढे आपटतात आणि नखं जातात. हा नियम ट्रेकपुरता बरोबर आहे, पण बोल्डरिंगला बरोबर उलटा लागू होतो. ट्रेकिंगमध्ये पूर्ण तळवा जमिनीवर टेकतो. इथे अनेकदा बोटभर रुंदीच्या कडेवर फक्त अंगठ्याच्या टोकाने उभं राहायचं असतं. शूजमध्ये पुढे एक सेंटिमीटर पोकळी असेल तर होल्डवर शूजचं टोक टेकतं, अंगठा मात्र मागेच राहतो. जोर दिला की टोक वाकतं आणि पाय निसटतो.

म्हणजे घट्टपणा हवा हे खरं. प्रश्न एवढाच आहे की किती?

हा सल्ला जन्मला कधी?

पॅरिसच्या दक्षिणेला फाँतेनब्लो नावाचं जंगल आहे. वाळूच्या दगडाचे हजारो मोठे धोंडे तिथे विखुरलेले आहेत. बोल्डरिंगची पंढरी म्हटलं तरी चालेल. १९३० च्या दशकात तिथे चढणाऱ्या पियेर आलाँ या फ्रेंच गिर्यारोहकाने गुळगुळीत रबरी तळव्याचे हलके शूज बनवायला सुरुवात केली. त्याआधी लोक एक तर खिळे मारलेले जड बूट घालून चढायचे नाहीतर साधे कॅनव्हासचे. आलाँच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘पीए’ आणि पुढे त्याच घराण्यातले ‘ईबी’ हे शूज काही दशकं जगभर चालले.

खरी उडी १९८० च्या दशकात पडली. स्पेनच्या बोरिआल कंपनीचे ‘फिरे’ नावाचे शूज आले. त्यांचं रबर आधीच्या कुठल्याही रबरापेक्षा चिकट होतं. १९८५ साली अमेरिकेत चार्ल्स कोल यांनी फाइव्ह टेन कंपनी काढली आणि ‘स्टेल्थ’ नावाचं रबर आणलं. इटलीच्या व्हिब्रामची क्लाइंबिंगची रबरंही पुढे स्पर्धेत आली. दगडाच्या खडबडीत पृष्ठभागात हे मऊ रबर दाबलं जातं, त्याच्या बारीक खाचांमध्ये शिरतं आणि पकड मिळते. त्यामुळे जिथे पाय ठेवायचा विचारही कुणी केला नसता अशा तिरक्या, गुळगुळीत जागांवर लोक उभे राहू लागले.

रबर असं झपाट्याने सुधारलं, पण वरचा भाग? त्या काळातले बरेच शूज अस्तर नसलेल्या चामड्याचे होते. आणि अस्तर नसलेलं चामडं काय करतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

कोल्हापुरी चप्पल आठवा. नवी असते तेव्हा चावते. पहिला आठवडा अंगठ्याजवळ फोड येतात, आजी खोबरेल तेल लावायला सांगते. पंधरा दिवसांनी तीच चप्पल पायाच्या आकाराची होऊन बसते. म्हणून दुकानदारही कोल्हापुरी थोडी घट्टच घ्यायला सांगतो, कारण पायाला बरोबर बसणारी घेतली तर महिन्याभरात ती फटाफट वाजायला लागते.

क्लाइंबिंग शूजचंही हेच व्हायचं. अस्तर नसलेल्या चामड्याचे शूज वापरून वापरून जवळपास एक नंबरपर्यंत सैल होऊ शकतात. आज नेमके बसणारे शूज दोन महिन्यांनी ढगळ होणार असतील, तर आजच लहान घेणं शहाणपणाचं होतं. ‘दोन साईज लहान’ या सल्ल्याच्या मुळाशी हे साधं गणित आहे. पहिले काही आठवडे दुखायचं आणि मग शूज पायाचे व्हायचे. नव्या चामड्याचा रंग जाऊन पाय आळता लावल्यासारखे लाल व्हायचे ते वेगळंच.

ला स्पोर्टिव्हा कंपनीचे ‘मिथॉस’ हे असे चामड्याचे शूज आजही मिळतात आणि त्यांना हा जुना नियम बऱ्यापैकी लागू पडतो. पण आज बोल्डरिंगसाठी विकल्या जाणाऱ्या शूजमध्ये मायक्रोफायबरसारखं कृत्रिम कापड असतं किंवा चामड्याला आतून अस्तर लावलेलं असतं. वर टाचेभोवती ताणलेल्या रबराच्या पट्ट्या आणि बोटांवर रबराचं आवरण. हे सगळं मुद्दाम असं बनवलेलं असतं की शूजचा आकार बदलू नये. कृत्रिम कापडाचे शूज वापराने थोडे मऊ होतात, पण लांबीला सैल होत नाहीत म्हटलं तरी चालेल.

म्हणजे चावणारी कोल्हापुरी पंधरा दिवसांनी चावायची थांबते. हे शूज वर्षभर चावत राहतात.

‘दोन साईज’ म्हणजे नक्की किती?

इथे अजून एक गंमत आहे आणि ती जवळपास कुणीच सांगत नाही.

आपल्याकडे रोजच्या शूजचा नंबर बहुतेक जण यूके मापात सांगतात. सहा, सात, आठ. क्लाइंबिंग शूज मात्र बहुतांश युरोपियन असल्यामुळे त्यांच्यावर ३९, ४०, ४१ असे ईयू नंबर असतात. या दोन मापांतली एक पायरी सारखी नाही. यूकेचा एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण ८.५ मिलिमीटर. ईयूचा एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, साधारण ६.७ मिलिमीटर.

आता हिशोब करा. यूकेच्या मापात दोन नंबर खाली गेलं तर शूज १७ मिलिमीटरने लहान होतात. ईयूमध्ये दोन नंबर खाली गेलं तर १३ मिलिमीटरने. फरक जवळपास ४ मिलिमीटरचा. ईयूचा अर्धा नंबरच ३.३ मिलिमीटरचा असतो, म्हणजे नुसतं माप कोणतं धरलं यावरून अर्ध्या नंबरपेक्षा जास्त घोळ होतो. सल्ला देणाऱ्या दादाने ईयू डोक्यात धरलं आणि ऐकणाऱ्याने यूके, तर ते चार मिलिमीटर शेवटी बोटांच्या वाट्याला येतात.

दुसरी गोष्ट. रोजच्या स्पोर्ट्स शूजमध्ये अंगठ्याच्या पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा मोकळी असते, चालताना पाय पुढे सरकतो म्हणून. ४२ नंबरचे शूज घालणाऱ्याने ४०.५ घेतले तर दीड नंबर, म्हणजे बरोबर १० मिलिमीटर कमी झाले. वाटतं की आपण शूज खूप लहान घेतले. खरं तर फक्त ती मोकळी जागा गेलेली असते, पाय अजून चेपलेलाच नाही. त्याच्याखाली जे जातं ते बोटं वाकवून मिळवावं लागतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्या बहुतेकांसाठी एवढं पुरेसं असतं. बोटं पुढे टेकलेली आणि सरळ, फार तर किंचित वाकलेली.

पण नुसत्या नंबरावर विसंबून राहणंही धोक्याचंच. प्रत्येक कंपनी आपले शूज ज्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या साच्यावर बनवते, तो साचा वेगळा. एका कंपनीचा ४० दुसऱ्या कंपनीच्या ३९ सारखा बसतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक पडतो. त्यामुळे ‘मी अमुक कंपनीचा ३९ घालतो’ ही माहिती त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलसाठी कामाची. बाकी ठिकाणी तिला अंदाज समजायचं.

आणि आपला पाय मुळात रुंद

लांबीचा हिशोब जमला तरी रुंदी उरतेच. आणि भारतीयांचं घोडं अनेकदा इथेच अडतं.

२००९ साली बेल्जियममधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात दक्षिण भारतात आयुष्यभर अनवाणी चालणारे लोक, शूज घालणारे भारतीय आणि शूज घालणारे पाश्चात्त्य लोक यांच्या पायांची तुलना होती. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय रुंद निघाले आणि चालताना दाब तळव्यावर जास्त समान वाटला जात होता. लहानपणापासून चपलेत किंवा अनवाणी वाढलेला पाय पसरायला मोकळा असतो, हे त्यामागचं सरळ कारण.

त्यानंतर चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं थ्रीडी स्कॅनरने घेतली. निष्कर्ष तोच. भारतीयांचे पाय युरोपियन आणि अमेरिकन लोकांच्या पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद आहेत. यावरून भारतासाठी शूजच्या नंबरांची ‘भा’ नावाची स्वतंत्र पद्धत सुचवली गेली. ‘भारत’मधला ‘भा’.

क्लाइंबिंग शूजचे साचे मात्र युरोपात ठरतात आणि बरेचसे पुढे निमुळते असतात. रुंद चवड्याचा माणूस असे शूज घालतो तेव्हा करंगळीकडून चिमटा बसतो. तो म्हणतो, लांबीला मोठा नंबर घेऊ. मग करंगळी सुटते पण टाच सैल होते आणि पुढे पोकळी राहते. नंबर वाढवणं हा यावरचा उपाय नाही. रुंद साच्याचं मॉडेल शोधणं हा आहे. लेसवाले शूज इथे उपयोगी पडतात कारण चवड्यावर सैल आणि घोट्याकडे घट्ट असं हवं तसं आवळता येतं.

याच कारणासाठी ‘पुरुषांचे’ आणि ‘महिलांचे’ ही पाटी फार मनावर घेऊ नका. बऱ्याच मॉडेलमध्ये महिलांच्या शूजचा खरा अर्थ एवढाच असतो की साचा अरुंद आहे आणि आतली जागा कमी आहे. काही कंपन्या आता ‘लो व्हॉल्यूम’ असंच लिहितात, जे जास्त प्रामाणिक आहे. बारीक पायाच्या मुलाने ते घ्यावेत, रुंद पायाच्या मुलीने ‘पुरुषांचे’ घ्यावेत. भिंतीला काही फरक पडत नाही.

मग दुकानात गेल्यावर काय करायचं?

पहिली गोष्ट, संध्याकाळी जा. दिवसभर चालून-उभं राहून पाय थोडे सुजतात, उन्हाळ्यात तर जास्तच. सकाळी नेमके बसलेले शूज संध्याकाळच्या सेशनला छळतात आणि नोकरी करणाऱ्यांचं चढणं संध्याकाळीच असतं. नखं कापून जा. मोजे घालू नका, कारण चढताना ते नसतात. दोन्ही पाय सारखे नसतात, त्यामुळे मोठ्या पायावरून ठरवा.

शूज पायात गेले की आधी पोकळ्या शोधा. अंगठ्याच्या पुढे, तळव्याच्या कमानीखाली आणि टाचेत. टाच सगळ्यात महत्त्वाची. बोल्डरिंगमध्ये ‘हील हुक’ नावाचा प्रकार सारखा लागतो, म्हणजे टाच डोक्याच्या उंचीवरच्या होल्डवर अडकवायची आणि हातासारखी तिने अंग वर ओढायचं. टाचेत हवा असेल तर ऐन वेळी शूज तिथेच राहतात आणि पाय बाहेर येतो. टाचेवरचं रबर अंगठ्याने दाबून बघा. ते सहज आत जात असेल तर खाली पोकळी आहे. कुणी मदतीला असेल तर त्याला टाच धरून खाली ओढायला सांगा, शूज हलता कामा नयेत.

मग उभे राहा. बसून शूज तपासणं म्हणजे गाडी स्टँडवर लावून चालवून बघणं. जिन्याच्या पायरीच्या कडेवर फक्त अंगठ्याच्या टोकाने उभे राहा आणि टाच वर-खाली करा. पाय शूजच्या आत सरकला तर मोठे आहेत. उभं राहता येत नाही इतकं दुखलं तर लहान आहेत.

दुखणं मात्र ओळखायला शिकावं लागतं. सगळ्या बाजूंनी सारखा दाब जाणवतोय, जणू कुणी मुठीत पाय धरलाय, तर ते ठीक आहे. एकाच ठिकाणी टोचतंय, म्हणजे अंगठ्याच्या नखावर, बोटाच्या पेरावर किंवा टाचेच्या वरच्या शिरेवर, तर ते ठीक नाही आणि कृत्रिम कापडाच्या शूजमध्ये ते बरंही होणार नाही. बोटांना मुंग्या आल्या, बधिर झाली तर शूज लगेच काढा. पहिल्या जोडीचा सोपा निकष असा की दहा-पंधरा मिनिटं शूज पायात राहिले पाहिजेत, काढण्याची घाई न होता.

ऑनलाइन घेणार असाल तर कागद भिंतीला लावून, टाच भिंतीला टेकवून उभं राहा आणि सगळ्यात लांब बोटापर्यंतचं माप मिलिमीटरमध्ये घ्या. कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. आणि घेण्याआधी बदलून देण्याची अट नीट वाचा. घरात गालिच्यावर घालून बघितलेले शूज बदलून मिळतात. चॉक लागलेले सहसा मिळत नाहीत.

वाकडे शूज बघून भुलू नका

जिममध्ये जो सगळ्यात भारी चढतो त्याचे शूज बघितलेत तर ते केळ्यासारखे खाली वाकलेले दिसतील. टोक आत वळलेलं, टाचेवर ताणलेलं रबर. ला स्पोर्टिव्हाचे ‘सोल्यूशन’ किंवा स्कार्पाचे ‘इन्स्टिंक्ट’ ही यातली जगभर दिसणारी नावं. पाठीमागे झुकलेल्या, म्हणजे छपराकडे जाणाऱ्या भिंतीवर पायाने होल्ड ‘पकडून’ ओढावं लागतं, त्यासाठी हा आकार आहे. वरच्या बाजूला रबर असतं ते पायाचा पंजा होल्डमागे अडकवण्यासाठी, ज्याला ‘टो हुक’ म्हणतात.

सुरुवातीच्या सोप्या रूटवर होल्ड मोठे असतात आणि भिंत बहुतेक सरळ असते. तिथे वाकड्या शूजचा फायदा नाही, त्रास मात्र पूर्ण आहे. शिवाय नवीन माणूस पाय नीट ठेवत नाही, भिंतीवर घासत घासत वर नेतो. महागड्या शूजचं मऊ, पातळ रबर त्यात काही महिन्यांत संपतं. सपाट आकाराचे, चार-पाच मिलिमीटर जाड रबराचे शूज हे सगळं सहन करतात. ला स्पोर्टिव्हाचे ‘टॅरंट्युलेस’, स्कार्पाचे ‘ओरिजिन’ किंवा डिकॅथलॉनच्या सिमॉन्ड ब्रँडचे सुरुवातीचे मॉडेल याच गटातले. हे घातल्याने कुणी कमी दर्जाचा ठरत नाही, जिममधल्या नजरा काहीही म्हणोत.

मऊ की कडक? कडक शूज छोट्या कडेवर पायाला आधार देतात, मऊ शूज मोठ्या गोलसर होल्डवर जास्त चिकटतात. आजच्या जिममध्ये असे मोठे गोलसर आकार वाढलेत, म्हणून मऊ शूजची चलती आहे. सह्याद्रीच्या बसॉल्टवर बारीक कडा जास्त मिळतात आणि तिथे थोडा कडकपणा बरा वाटतो. व्हिब्रामचं ‘एक्सएस एज’ कडक आणि ‘एक्सएस ग्रिप २’ मऊ, एवढं लक्षात ठेवलं तरी शूजच्या तळव्यावरचा शिक्का वाचता येतो. वेलक्रो बोल्डरिंगला सोयीचा, कारण दर दोन मिनिटांनी शूज काढायचे असतात.

बाकी, दोन अनुभवी माणसं दोन वेगळे सल्ले का देतात याचंही उत्तर इथेच आहे. तैलबैल्याच्या भिंतीवर दोर लावून चढणाऱ्याच्या पायात शूज तासन्‌तास असतात, त्याला बोटं सरळ ठेवणारेच हवेत. बोल्डरिंगमध्ये एक प्रयत्न मिनिटभराचा, त्यामुळे थोडा जास्त घट्टपणा चालून जातो. पण बोल्डरिंगमधला जवळपास प्रत्येक प्रयत्न उडी मारून किंवा पडून संपतो. दुमडलेली बोटं घेऊन साडेतीन मीटरवरून गादीवर वीस वेळा आदळणं हा वेगळा छळ आहे, आणि तो दोरवाल्याला माहीत नसतो.

नखं, हाडं आणि मुलं

वर्षानुवर्षं फार घट्ट शूज वापरणाऱ्या क्लाइंबर्सच्या पायांवर बरेच अभ्यास झालेत. त्यात पुन्हा पुन्हा तीच यादी येते. नखाखाली रक्त साकळणं, बोटांच्या पेरांवर घट्टे आणि कुरुपं, आणि अंगठा आतल्या बाजूला वळून सांध्याचं हाड बाहेर येणं. नख परत येतं. वळलेला सांधा मात्र आपोआप सरळ होत नाही.

मुलांच्या बाबतीत तर विषय संपलाच. वाढत्या हाडांवर घट्ट शूज चढवायचे नाहीत. ‘पुढच्या वर्षीपण चालतील’ म्हणून फार मोठे घेऊ नका आणि ‘स्पर्धा आहे’ म्हणून लहानही घेऊ नका. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची बोटं शूजमध्ये सरळ राहायला हवीत आणि दर तीन-चार महिन्यांनी तपासायला हवीत. लहान झालेले शूज जिममधल्या दुसऱ्या पालकाला द्यायचे, शाळेच्या पुस्तकांसारखे. अनेक ठिकाणी हे चालतंच.

शूज घेतल्यावरची काळजी थोडकी आहे. प्रत्येक प्रयत्नानंतर पूर्ण काढले नाहीत तरी टाच तरी बाहेर काढा. ते घालून बाथरूमला किंवा जिमबाहेर चहाला जाऊ नका. धूळ बसलेलं रबर घसरतं, म्हणून चढण्याआधी तळवा ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा. आपल्याकडच्या घामात ओले शूज बॅगेत बंद राहिले की वास येणारच, ते सावलीत वाऱ्यावर टांगा. मे महिन्यात पार्क केलेल्या गाडीत मात्र विसरू नका, उष्णतेने रबर चिकटवलेला गोंद सुटतो.

रबर झिजायला लागतं ते अंगठ्याखालून. कडा गोल झाली, रबर पातळ झालं की तळवा बदलून घेता येतो, याला ‘रिसोल’ म्हणतात आणि खर्च नव्या शूजपेक्षा बराच कमी येतो. पण ते भोक पडायच्या आधी करावं लागतं. बोटांभोवतीची पातळ रबरी पट्टी फाटली की खर्च वाढतो आणि शूजचा मूळ आकारही पूर्ण परत येत नाही. नेहमीच्या बूट दुरुस्तीच्या दुकानात हे रबर नसतं, त्यामुळे जिममध्ये विचारूनच पाठवा. शूज रिसोलला गेले की दोन-तीन आठवडे पुन्हा भाड्याच्या शूजवर काढावे लागतात. बरेच जण दुसरी जोडी घेतात ती या काळात, आणि वाकड्या शूजचा विचार करायचा तर तो तेव्हा करावा. तोवर आपला पाय कुठे निसटतो आणि कशामुळे, हे माणसाला कळायला लागलेलं असतं.